मुलांचा अभ्यास मोबाईलच्या भरवशावर सोडायचा का?

२०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर आले. ‘असर’च्या पाहणीनुसार, ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं. २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झालं.

शाळा उघडल्या, फोन मात्र हातातच राहिला. ‘असर २०२४’नुसार, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला. सोशल मीडियासाठी? ७६ टक्के!

मग फोन काढूनच घ्यायचा का?

तसं नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, ‘दीक्षा’ ॲपवर धडे आहेत. न समजलेला भाग पुन्हा पाहता येतो. पण रेंज गेली किंवा रिचार्ज संपला की अभ्यासच थांबत असेल, तर सवय चुकतेय.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये यावर सोपा उपाय केला. संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद, अगदी मोठ्यांचेही. त्या वेळात मुलांनी पुस्तक उघडायचं.

थोडक्यात, फोन मदतीला ठेवा, पण वाचणं, लिहिणं आणि शिक्षकांना शंका विचारणं सोडू नका. आणि मुलांना फोन ठेवायला सांगताना आपलाही बाजूला ठेवा.