खणातून निघालेली खुर्ची

उर्दूत ‘कुर्सी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक बसायची खुर्ची, दुसरा इमारतीचे जोते. उमरी, नांदेड, लातूर हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि वरचा कारभार उर्दूत चाले. घर आणि खुर्ची यांचे नाते एका शब्दात बांधणारी भाषा इथल्या कचेरीत रोज बोलली जात होती.

घरोघर मात्र खुर्ची नव्हती. बारा बलुतेदारांतला सुतार नांगर, पाभर, गाडीची चाके, दाराच्या चौकटी, पाट आणि पाळणे घडवी. माणसे बसत ती ओसरीवर, बाजेवर, घोंगडीवर; मोठ्यांकडे गादी आणि लोड. हैदराबादच्या दरबारातही इंग्रज रेसिडेंट जोडे काढून बैठकीवर बसे. १८६९ मध्ये बाल निजाम महबूब अली खान मसनदीवर आला, तेव्हा रेसिडेंट सॉन्डर्स बूट न काढता खुर्चीवर बसला. खुर्ची इकडे आली ती अशी, अधिकाराची खूण म्हणून. पुढे कचेऱ्या वाढल्या, विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग उमरीवरून गेला आणि तिचा वावर वाढला.

सुताराला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. मराठवाड्यातले माळवदाचे घर म्हणजे खणांचा, खांबांमधल्या गाळ्यांचा, हिशेब. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, खांबावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलच आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. खांबाच्या डोक्यावर वाकस आणि पटाशीने काढलेले कुसू तुळईच्या पोटातल्या भोकात घट्ट बसे. भार वरून खाली येतो तो या सांध्यांमधून. भिंत बहुतेक आडोशापुरती. चार खांब आणि त्यांना धरणाऱ्या आडव्या तुळया गुडघ्याइतक्या उंचीवर आणल्या की बैठक तयार. मागचे दोन खांब तसेच वर जाऊ दिले की पाठ. खुर्चीचे पाय आडव्या पट्ट्यांनी जखडतात, तेही त्याच कुसवांनी.

हा सांगाडा किती पक्का, ते फार वाईट प्रसंगी दिसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या, हजारो माणसे त्यांखाली गेली. पण अनेक घरांत भिंती पडूनही लाकडी खण उभे राहिले. तज्ज्ञांच्या अहवालांनी ही गोष्ट नोंदवली. मराठवाड्यातल्या सुतारांच्या हातचे हे काम अधिक आदराने शिकवले जायला हवे.

इमारतीकडून खुर्चीने काय घ्यावे, याची दोन उत्तरे देशात सापडतात. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या शिसवी खुर्च्यांनी नक्षी घेतली: पाठीवर दाट कोरीव जाळी, वेलबुट्टी, पक्षी. कारागिरी अप्रतिम, पण पाठ टेकायला ती खुर्ची फार सुखाची नाही. चंदीगडने दुसरे उत्तर दिले. शहराचा वास्तुकार ल कॉर्बुझिए याचा चुलतभाऊ पिएर जनरे १९५१ मध्ये तिथे आला आणि १९६५ पर्यंत राहिला. युली चौधरी आणि इतर भारतीय वास्तुकारांसोबत त्याने नव्या शहराच्या कचेऱ्यांसाठी साग आणि वेत यांच्या खुर्च्या केल्या. पाय जाड, उलट्या व्हीसारखे, वास्तुकाराच्या कंपाससारखे. सांधे उघडे, नक्षी शून्य. त्या स्थानिक सुतारांनी घडवल्या. पुढे त्यांतल्या कित्येक भंगारात निघाल्या, युरोपच्या लिलावांत मोठ्या किमतीला गेल्या आणि २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने त्या वारशाच्या वस्तू बाहेर जाऊ नयेत म्हणून आदेश काढला.

खणाचा विचार चंदीगडच्या खुर्चीला अधिक जवळचा आहे, कारण दोन्हींत भार कुठून कसा जातो हे डोळ्याला दिसते.

मराठवाड्यातले वाडे आता मोडत आहेत. त्यांचा साग विकला जातो, चिरला जातो, रंधून त्याचे दिवाण, देव्हारे, खुर्च्या होतात. अशा खुर्चीच्या पायावर कधी तळहाताखाली चौकोनी ठिगळ लागते. जुन्या भोकात नवा तुकडा ठोकून रंधा फिरवलेला असतो. त्याच्या रेषा आजूबाजूच्या लाकडाशी जुळत नाहीत. तिथे पूर्वी कुसू बसलेले होते.