लाइपझिगचा वर्ग आणि लाइपझिगचं सभागृह

लाइपझिगचे न्यायाधीश हाइनरिश ब्ल्यूमनर १८३९ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात कलेसाठी २०,००० थालरची तरतूद निघाली. ही रक्कम कुठे खर्चायची ते सॅक्सनीच्या राजाने ठरवायचं होतं. शहरातल्या गेवांडहाउस वाद्यवृंदाची सूत्रं तेव्हा फेलिक्स मेंडेल्सझोन यांच्या हाती होती. त्यांनी पुढच्याच वर्षी सरकारदरबारी विनंती केली, की हा पैसा संगीतविद्यालयासाठी द्यावा. पाठपुरावा तीन वर्षं चालला. अखेर २ एप्रिल १८४३ रोजी गेवांडहाउस सभागृहाच्या आवारातच २२ विद्यार्थ्यांनिशी लाइपझिगची कॉन्झर्व्हेटरी सुरू झाली. पियानो आणि रचना शिकवायला रॉबर्ट शूमान होते.

फी वर्षाला ८० थालर. मुलींनाही प्रवेश होता, पण संगीतशास्त्राचा त्यांचा अभ्यासक्रम वेगळा आणि आटोपशीर ठेवलेला.

तोवर पियानो शिकायचा तो बहुधा घरी, गुरूसमोर एकट्याने बसून. याच शहरातली क्लारा वीक (पुढची क्लारा शूमान) वडिलांकडे तशीच शिकली आणि १८२८ मध्ये, नऊ वर्षांची असताना गेवांडहाउसच्या मंचावर वाजवून आली. मेंडेल्सझोन यांच्या संस्थेने मात्र अनेकांना एकत्र शिकवायचं ठरवलं. एकाची चूक दुसऱ्याने ऐकावी, एकाची तयारी पाहून दुसऱ्याने कंबर कसावी, हा त्यामागचा विचार. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गंधर्व महाविद्यालय काढून गाण्याची तालीम घराण्याच्या उंबऱ्याबाहेर आणली, तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न सोडवायचा होता: विद्या चौघांत वाटली तर ती पातळ होते की दाट?

लाइपझिगपुरतं या प्रश्नाचं उत्तर नुसत्या वर्गात सापडत नाही. विद्यार्थ्यांना गेवांडहाउसच्या मैफली आणि तालमी ऐकायला मिळत. संस्थेच्या संध्याकाळच्या बैठकींत त्यांना एकमेकांसमोर वाजवावं लागे आणि शेवटची परीक्षा जाहीर असे, श्रोत्यांसमोर. संस्थेचं खरं बळ या व्यवस्थेत होतं.

१८४६ मध्ये मेंडेल्सझोन यांनी आपले जुने शिक्षक इग्नात्स मोशेलेस यांना लंडनहून बोलावून घेतलं. लंडनमधला जम बसलेला व्यवसाय सोडून मोशेलेस आले. पुढच्या वर्षी मेंडेल्सझोन वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी गेले, पण मोशेलेस १८७० मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच शिकवत राहिले.

१८५८ मध्ये नॉर्वेच्या बर्गेनहून १५ वर्षांचा एडवर्ड ग्रीग दाखल झाला. त्याच्या वाट्याला आले लुई प्लाइडी. ‘तांत्रिक अभ्यास’ हे त्यांचं बोटांच्या कसरतींचं पुस्तक तेव्हा फार चालत होतं. म्हाताऱ्या ग्रीगने लिहिलेल्या आठवणींत हे प्लाइडी हुबेहूब उभे राहतात: बुटके, स्थूल, टक्कल पडलेले, पियानोशेजारी बसून कानामागे बोट धरलेले. बोट उंच उचल, सावकाश वाजव, ठाम वाजव, एवढंच सतत सांगणं. चेर्नी, कुलाऊ आणि क्लेमेंटी यांचेच धडे पुन्हा पुन्हा. एकदा तर त्यांनी पुस्तक खोलीच्या पार पलीकडे भिरकावलं आणि ग्रीगला घरी जाऊन सराव करायला सांगितलं. मुलगा थेट संचालक श्लाइनिट्स यांच्यापुढे उभा राहिला आणि शिक्षक बदलून द्या म्हणाला. नवल म्हणजे त्यांनी ऐकलं. मग तो वेन्त्सेल या दुसऱ्या शिक्षकांकडे आणि मोशेलेस यांच्याकडेही शिकला. मोशेलेस यांना शोपां आणि शूमान यांचं संगीत फारसं रुचत नसे, पण त्यांच्या सरावरचना ग्रीगने मेहनतीने बसवल्या आणि एकदा वर्गासमोर शाबासकी मिळवली.

गेवांडहाउसमध्ये त्याने क्लारा शूमान यांना रॉबर्ट शूमान यांचा ए मायनर पियानो कॉन्चेर्टो वाजवताना ऐकलं. दहा वर्षांनी, १८६८ मध्ये, ग्रीगने स्वतःचा कॉन्चेर्टो रचला तो त्याच स्वरात. त्याआधी १८६२च्या जाहीर परीक्षेत तो स्वतःच्याच काही पियानोरचना वाजवून गेला होता. पुढे आयुष्यभर त्याने या विद्यालयाला नावं ठेवली. पण त्याच्या विद्यार्थीदशेतल्या वह्या बर्गेनच्या ग्रंथालयात आहेत आणि त्यांत पक्क्या तालमीच्या खुणा दिसतात. त्याची तक्रार खरी होती, तालीमही खरी होती.

एकमेकांसमोर वाजवत शिकण्याचा हा मार्ग इतरत्रही निघाला. वायमारमध्ये १८६९ पासून फ्रान्त्स लिस्ट एक पैसाही न घेता शिकवत. विद्यार्थी आपापली स्वरलिपी पियानोवर रचून ठेवत, लिस्ट त्यातली एखादी उचलत आणि ज्याची असेल त्याला सगळ्यांदेखत वाजवावं लागे. फ्रँकफुर्टच्या होख कॉन्झर्व्हेटरीत १८७८ पासून १८९२ पर्यंत क्लारा शूमान होत्या. वडिलांकडे एकटीने शिकलेल्या क्लारांच्या वर्गातून फॅनी डेव्हिस आणि लिओनार्ड बोरविक तयार झाले आणि क्लारांची शैली त्यांनी लंडनच्या मंचांवर नेली.

लाइपझिगची संस्था १८८७ मध्ये ग्रासीश्ट्रासवरच्या स्वतःच्या इमारतीत गेली. नाझी काळात, नोव्हेंबर १९३६ मध्ये, गेवांडहाउससमोरचा मेंडेल्सझोन यांचा पुतळा ते ज्यू कुळातले म्हणून उखडला गेला. त्याच्या निषेधार्थ महापौर गोर्डेलर यांनी पद सोडलं. दुसऱ्या महायुद्धात विद्यालयाच्या इमारतीचंही मोठं नुकसान झालं. १९७२ मध्ये संस्थेला मेंडेल्सझोन यांचं नाव देण्यात आलं, आणि २००८ मध्ये थोमास चर्चजवळ त्या पुतळ्याची प्रतिकृती उभी राहिली.