विझला तर उतरायचं न्हाई

साताऱ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस दिसला की तो कासला नाहीतर ठोसेघरला निघालेला असतो. सांगलीत तो गणपतीच्या देवळापाशी किंवा १९२९ सालच्या आयर्विन पुलावर भेटतो. ही ठिकाणं देखणी आहेतच. पण पुणे-मिरज रेल्वेच्या कडेनं शंभर वर्षांपूर्वी कारखान्यांची गावं वसली. तिथल्या पत्र्याच्या शेडा, चाळी, वखारी यांच्याकडे सहसा कुणी वळत नाही. मला त्यांचेच फोटो काढायचे असतात, तेही शक्यतो एखादं म्हातारं माणूस सोबत घेऊन. एकट्यानं काढलेल्या शेडच्या फोटोत नुसती शेडच येते.

माझे चुलत आजोबा, आण्णा, किर्लोस्करवाडीच्या फौंड्रीत मोल्डर होते. त्यांच्या बोलण्यात त्यांच्या वडिलांनी पाहिलेलं गावही येतं. कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगानं भरलेला माळ होता. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तो लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिला. तिथं लोखंडी नांगर बनायचे, पण त्यांनी जमीन नासते, असं तेव्हा शेतकरी म्हणायचे. पुढं पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, अशी हकिगत सांगतात. "तोफेचा नांगर झाला बघ," असं म्हणताना आण्णांचा आवाज आजही चढतो.

लक्ष्मणराव तरुणपणी मुंबईत चित्रकला शिकत होते. रंग नीट ओळखता येत नाहीत, हे कळल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. हे मला समजलं तेव्हापासून किर्लोस्करवाडीचे फोटो मी कृष्णधवलच काढतो.

तिथला मला सगळ्यात प्रिय फोटो आहे आण्णांच्या हाताचा. साच्याची वाळू बरोबर भिजलीय का, हे पाहायला त्यांनी मुठीत वाळू दाबून धरली आणि मूठ उघडली. ढेकळावर चारही बोटांचे ठसे उठलेले. मग त्यांनी ते मधोमध मोडलं. कडा न ढासळता दोन तुकडे झाले. "जमली," म्हणाले. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी अंगठ्याचा दाब तोच.

एकदा आण्णांनी मला शेणोलीजवळ रुळांच्या कडेला उभं केलं. ७ जून १९४३ ला इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या पत्री सरकारच्या तुफान सेनेनं इथं पगाराची गाडी अडवून लुटली. आण्णा तेव्हा लहान होते; घरातले मोठे कुजबुजत बोलत होते आणि दार लावून घेतलं होतं, एवढं त्यांना पक्कं आठवतं. फोटोत रूळ आहेत, बाभळी आहेत आणि एका बाजूनं आत आलेलं आण्णांचं बोट आहे. ते बोट मी कापलं नाही.

कराड स्टेशनाशेजारच्या ओगलेवाडीत काचकारखान्याची भट्टी कधीच थंड झाली. ओगले बंधूंचा प्रभाकर कंदील एके काळी आमच्याकडं घरोघर असायचा. कारखान्याच्या आवारात मला काढण्याजोगं फार काही मिळालं नाही. तो कंदील खरा कळला हरिपुरात.

हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम आणि हळद साठवायची जमिनीतली पेवं. माझ्या आजीची धाकटी बहीण, माई, तिथलीच. पेवाचं तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं आणि आत पोट मोठं. भिंती शेणमातीनं लिंपायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. आत हवा खेळत नाही म्हणून किडीचं भय कमी. पण त्याच कारणानं उतरणाऱ्या माणसाचा जीवही जाऊ शकतो. "तोंड उघडलं की लगेच कुणी आत जायाचं न्हाई," माई सांगते. "आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा. विझला तर उतरायचं न्हाई." रिकाम्या पेवाच्या काठावर गुडघे टेकून तिनं दोरी कशी सोडायची ते दाखवलं. दोरी नव्हतीच, तरी दोन्ही हात एकाआड एक खाली जात होते. मी फोटो काढला तो त्याच क्षणी.

२००५ च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि हळद नासली. आता माल गोदामांत आणि शीतगृहांत जातो. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण पेवं बुजत चालली आहेत आणि त्यांचे बरे फोटो शोधूनही सापडत नाहीत, याची मला मनापासून तगमग होते. एक तरी पेव कंदिलासकट जपून ठेवायला हवं.

घरी मी फोटोच्या मागे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे पेन्सिलीनं लिहितो. माईला फोटो दाखवला तेव्हा तिनं चष्मा लावून मागचा मजकूर आधी वाचला. "दोरी काथ्याची असायची, ते लिव्हलं न्हाईस," म्हणाली.

पुढचा मुक्काम सातारा रोडचा, धनजीशा कूपरांच्या कारखान्याचा. १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले तेच हे कूपर. तिथल्या एका जुन्या फिटरनं रविवारी सकाळी यायला सांगितलंय.