नाविकाच्या दंडावरील चिन्हे : अर्थनिश्चितीचा एक प्रश्न

फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत रॉयल इंडियन नेव्हीच्या नाविकांनी जो उठाव केला, त्याच्या अभ्यासकास लेखी साधनांबरोबरच छायाचित्रांकडेही वळावे लागते. छायाचित्राखाली नाव नसेल, तर नाविकाच्या दंडावरील बिल्ला हाच पुरावा उरतो. मात्र अर्थ चिन्हाच्या आकृतीतच वसतो, अशा समजुतीने तो वाचला, तर पुरावाच दिशाभूल करतो.

डाव्या दंडावरील कोनाकृती फितींचेच उदाहरण घ्यावे. पायदळात तीन फिती म्हणजे हवालदार, हे आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. ब्रिटिश नौदलात मात्र 1849 साली सुरू झालेली ही फीत सद्वर्तनाची खूण होती. हुद्द्याशी तिचा संबंध नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी तीन, आठ व तेरा वर्षांची निर्दोष सेवा झाल्यावर अनुक्रमे पहिली, दुसरी व तिसरी फीत मिळे. तीन फिती मिरविणारा गृहस्थ साधा खलाशीही असू शके. आपल्या नौदलाचा गणवेष याच नमुन्यावर बेतलेला असल्याने, फिती मोजून उठावाचे पुढारी शोधणे व्यर्थ होय. त्या मोजणीत हाती लागेल तो युद्धापूर्वीचा जुना नोकरदार. संपाच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष एम. एस. खान लीडिंग सिग्नलमन होते, तर उपाध्यक्ष मदनसिंग पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट.

या दोन पदनामांचे दोन्ही घटक गणवेषावर उमटत. हुद्दा डाव्या दंडावर : लीडिंग श्रेणीस दोर गुरफटलेला एक नांगर, पेटी ऑफिसरास तिरपे छेदणारे दोन नांगर व वर मुकुट. कसब उजव्या दंडावर : सिग्नलमनास परस्परांना छेदणारी निशाणे, टेलिग्राफिस्टास पंख व वीज. कसबाचे चिन्ह चित्रवत् असल्याने नवख्यासही उमगते. नांगर एक की दोन, यातील भेद केवळ संकेताने ठरलेला आहे. (ब्रिटिश खलाशी लीडिंग श्रेणीच्या माणसास ‘किलिक’, म्हणजे लहान नांगर, म्हणत. आपल्या ‘पट्टेवाला’ या शब्दाची घडण अशीच आहे.)

मुकुट कालनिर्णयासही उपयोगी पडतो. 26 जानेवारी 1950 रोजी भारत प्रजासत्ताक झाल्यावर भारतीय नौदलात त्याची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली. म्हणून मुकुटधारी बिल्ल्याचे आपल्या नौदलातील छायाचित्र सामान्यतः त्यापूर्वीचे मानावे.

जेथे डावा-उजवा हा भेदच अर्थाचा आधार आहे, तेथे आणखी एक दक्षता हवी. काच उलटी धरून छापलेल्या चित्रात हुद्दा उजवीकडे व कसब डावीकडे गेलेले दिसते. म्हणून निशाणे डाव्या दंडावर आढळली, तर नौदलाचे नियम पालटले असे अनुमान करण्यापूर्वी त्याच चित्रातील एखादी पाटी किंवा जहाजाचे नाव सुलट वाचता येते की नाही, हे पाहावे.