डागाचे दोन अर्थ

रजःस्रावाविषयी बोलणाऱ्या दोन परंपरा संस्कृत वाङ्मयात शेजारी शेजारी नांदल्या. एकीने त्यात पातक पाहिले, दुसरीने प्रकृती. परंतु दोघींचेही लक्ष एकाच गोष्टीवर खिळलेले होते: वस्त्रावर उमटणाऱ्या रंगावर.

तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडात इंद्राने त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप याचा वध केल्याची कथा येते. त्या ब्रह्महत्येचे पातक पृथ्वी, वृक्ष आणि स्त्रिया यांनी वाटून घेतले. स्त्रियांच्या वाट्याचा भाग म्हणजे रज. म्हणून रजस्वलेशी बोलू नये, तिच्याजवळ बसू नये, तिचे अन्न खाऊ नये, असा निषेध तेथे येतो. तिच्यासाठी योजलेला शब्द आहे ‘मलवद्वासस्’, म्हणजे मळलेल्या वस्त्राची. ती ब्रह्महत्येचा ‘वर्ण’ धारण करून असते, हे त्याचे कारण. वर्ण म्हणजे रूप आणि रंगही.

आता सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान पाहावे. निर्दोष आर्तव सशाच्या रक्तासारखे वा लाखेच्या रसासारखे असते आणि ते वस्त्र रंगवीत नाही, असे तेथे म्हटले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात हे अधिक स्पष्ट केले: धुतल्यावर ते निघून जाते. चरकसंहितेत गुंज, लाल कमळ, अळता आणि इंद्रगोप अशा उपमा येतात. इंद्रगोप म्हणजे आपला मृगाचा किडा, असे अनेक अभ्यासक मानतात. ऋतुसंहारातील वर्षावर्णनात भूमीला शोभा देणारा हाच कीटक वैद्याला निरोगी स्त्रीच्या आर्तवासाठी आठवावा, हे साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगे आहे. येथे किळस नाही. आहे ती रंगाची अचूक पारख.

रंग बदलतो, हेही त्यांना ठाऊक होते. महिनाभर साचलेले आर्तव किंचित काळसर असते, असे सुश्रुतसंहिताच पुढील अध्यायात सांगते. वायू ते बाहेर आणतो, ही तिची उपपत्ती आज टिकत नाही. पण साचणे आणि काळवंडणे यांची घातलेली सांगड निरर्थक नव्हती. रक्त शरीरात रेंगाळले, की हिमोग्लोबिनातील लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन ते तपकिरी होते. म्हणून पाळीच्या प्रारंभी वा अखेरीस, स्राव मंद असताना, रंग गडद दिसतो आणि वेगाने वाहताना लालभडक. बहुधा रंग सांगतो तो वेळ. शील नव्हे आणि पातकही नव्हे.

तथापि वैद्यकाला सरसकट मुक्तिदाते ठरवणे घाईचे होईल. त्याच सुश्रुतसंहितेत रजस्वलेने तीन दिवस काजळ घालू नये, रडू नये, दिवसा झोपू नये, अन्यथा अपत्यात दोष येतात, असे नियम आहेत. निरीक्षण आणि निषेध एकाच ग्रंथात सुखाने राहतात. आधुनिक विज्ञानही यातून सुटले नाही. 1920 मध्ये व्हिएन्नातील बेला शिक या नामवंत वैद्याने रजस्वलेच्या स्पर्शाने फुले कोमेजतात असा निष्कर्ष काढून ‘रजोविषा’ची कल्पना मांडली आणि ती पुढे काही दशके चर्चेत राहिली. त्याच्या कितीतरी आधी, चौदाव्या शतकात, सोयराबाईने आपल्या अभंगात विटाळ देहाच्या उत्पत्तीशीच जोडलेला आहे, मग शुद्ध कोण उरतो, असा प्रश्न विचारला होता. तो तर्क कोणत्याही प्रयोगशाळेवाचून पुरा होता.

शेवटी एक शंका. वस्त्र धुतल्यावर डाग राहतो की जातो, ही परीक्षा ग्रंथकाराला कोठून कळली असेल? ती कपडा हातात घेऊन पाण्यात चोळणाऱ्यांची परीक्षा आहे. ग्रंथात त्यांचे नाव नाही, आणि हा निव्वळ माझा तर्क आहे. परंतु त्या एका निकषात एखाद्या स्त्रीचे ज्ञान पुरुषाच्या श्लोकात शिरून आपल्यापर्यंत आले असावे, असे मानून तो श्लोक पुन्हा वाचावासा वाटतो.