दोन सूर्योदयांचें अंतर

फेब्रुवारी १९४२ मध्यें सिंगापूर पडलें आणि ऑस्ट्रेलियाचा इंग्लंडशीं असलेला हवाई मार्ग मधोमध तुटला. तो पुन्हां सांधावयाचा तर पर्थपासून सिलोनच्या दक्षिण टोकाजवळील कोग्गला तळ्यापर्यंत सुमारें ३,५०० मैलांचा हिंदी महासागर एका दमांत ओलांडणें भाग होतें.

१९४३ मध्यें क्वांटस कंपनीनें हें काम पाण्यावर उतरणाऱ्या कॅटलिना विमानांवर सोंपविलें. वेग ताशीं सव्वाशें मैलांच्या आसपास. म्हणजे प्रवास सत्तावीस ते बत्तीस तासांचा! मार्च २०१८ मध्यें याच पर्थहून निघालेलें विमान ९,००० मैलांवरील लंडनला न थांबतां सुमारें सतरा तासांत पोंचलें. परंतु त्या काळीं खरा प्रश्न वेगाचा नसून वजनाचा होता. १,९८८ गॅलन पेट्रोल भरल्यावर उतारू मावत अवघे तीन, आणि टपाल दीडशें पौंड. ह्या भारामुळें पहिले कित्येक तास एका एंजिनावर हवेंत टिकणें शक्यच नसे.

शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून बिनतारी यंत्र मुकें ठेवीत, भिस्त ताऱ्यांवर. पंचांगांत ज्यांस श्रवण, अभिजित, ज्येष्ठा व चित्रा म्हणतात, त्यांचींच पाश्चात्य नांवें पांचांपैकीं चार विमानांस दिलीं होतीं, हा योग मोठा समर्पक. एका उड्डाणांत सूर्य दोनदां उगवे; उतारूंस तशा अर्थाचें प्रमाणपत्रही मिळे.

१९४५ पर्यंत २७१ खेपा झाल्या. एकही विमान गमावलें नाहीं. युद्ध संपल्यावर मात्र अमेरिकेशीं झालेल्या उसनवारीच्या करारान्वयें तीं समुद्रांत बुडविण्यांत आलीं.