धावत्या पट्ट्यावरचा वजनकाटा

बीडच्या टपाल कार्यालयात स्पीड पोस्टचे पाकीट खिडकीवर दिले, की ते प्रथम इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले जाते. आकडा स्थिरावला, की हशील ठरते. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला शहराबाहेर ४७ रुपये पडतात. वजन त्यापुढे गेले, की २०० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी ५९ रुपये मोजावे लागतात. वस्तू व सेवा कर निराळा. सीमारेषेवरील एका ग्रॅमची किंमत अशी १२ रुपये होते. खिडकीवर हा ग्रॅम निवांतपणे मोजता येतो. ताशी हजारो नगांची छाननी करणाऱ्या यंत्राला मात्र ती सवड नसते. तेथे वजन करावे लागते ते नग धावत असतानाच.

तोळ्यापासून ग्रॅमपर्यंत

टपालाचे मोल वजनावर ठरविण्याची पद्धत भारतात जुनी आहे. १८५४ मध्ये ब्रिटिश मुलखात अंतराचा हिशेब सोडून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा सरसकट दर ठरला. पाव तोळा म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे टपाल खाते स्वतंत्र होते आणि १८६९ मध्ये त्याने स्वतःची तिकिटे काढली. १९५० मध्ये हे खाते भारतीय टपाल खात्यात विलीन झाले. तिकीट कमी पडलेल्या पत्राचा फरक दुपटीने भरून ते सोडवून घेण्याचा अनुभव जुन्या पिढ्यांनी घेतलेला आहे. वजनातील चुकीचा भुर्दंड पत्र घेणाऱ्यावरही पडू शकतो, हे तेव्हापासूनच स्पष्ट होते.

वेळ सेकंदाच्या अंशाची

साखर कारखान्याच्या काट्यावर उसाचा ट्रॅक्टर उभा राहतो, आकडा ठरतो, मगच तो पुढे सरकतो. नंतर रिकाम्या वाहनाचे वजन करून फरक काढला जातो. छाननी यंत्रात असे थांबणे नाही. पार्सलांचा पट्टा सेकंदाला दोन मीटर वेगाने धावतो आहे आणि वजन करणारा त्याचा तुकडा एक मीटर लांब आहे, असे धरू. ३० सेंटिमीटर लांबीचे पार्सल त्या तुकड्यावर पूर्णपणे असते ते केवळ ०.३५ सेकंद. पत्रांच्या यंत्राचा वेग याहून अधिक असतो. सेकंदाला तीन मीटर वेग, ४० सेंटिमीटरचा वजनाचा टप्पा आणि २३ सेंटिमीटरचे पाकीट घेतले, तर हाती उरतात सेकंदाचे सुमारे सहा शतांश.

या पट्ट्याखाली लोडसेल बसविलेले असतात. लोडसेल म्हणजे भाराने किंचित वाकणारा धातूचा तुकडा. त्यावर चिकटविलेल्या बारीक तारेचा किंवा पत्रीचा विद्युतरोध त्या ताणामुळे बदलतो आणि त्या बदलावरून वजन कळते. ताण मोजणारी ही पट्टी १९३८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे विकसित केली.

अडचण असते ती कंपनाची. नग पट्ट्यावर येताच धक्का बसतो. मोटार आणि रूळही थरथरत असतात. सांगाडा सेकंदाला २० वेळा थरथरत असेल, तर ०.३५ सेकंदांत सात आंदोलने मिळतात आणि त्यांची सरासरी भरवशाची ठरते. सहा शतांश सेकंदात जेमतेम एक आंदोलन हाती येते. म्हणूनच वेग वाढविला, की अचूकता राखणे अवघड होते. दोन नगांत पुरेसे अंतर ठेवणे, ते प्रकाशकिरणांनी तपासणे, पट्टा रिकामा असताना शून्य पुन्हा ठरविणे आणि वाऱ्यापासून आडोसा करणे, हे सारे उपाय त्यासाठी योजले जातात.

वजन न करता वजन

पातळ पाकिटांसाठी आणखी एक युक्ती वापरता येते. रिकामी हातगाडी सहज ढकलली जाते, भरलेलीला जोर लागतो. याच न्यायाने पाकीट दोन रुळांत पकडून त्याचा वेग एकदम बदलतात आणि मोटारीला किती जोर लागला ते मोजतात. रुळांना स्वतःला लागणारा जोर त्यातून वजा केला, की पाकिटाचे वस्तुमान कळते. यात पाकीट काट्यावर स्थिरावण्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र पाकीट रुळांत किंचित जरी घसरले, तरी आकडा बिघडतो.

पत्ता आणि वजनाची सांगड

मोजलेले वजन त्याच नगाच्या पत्त्याशी किंवा बारकोडाशी जोडले जाते. येथे उपयोगी पडतो पिन कोड. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून आलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. बीडच्या ४३११२२ या क्रमांकातील पहिले तीन अंक छाननीचा विभाग दाखवितात, तर शेवटचे तीन टपाल कार्यालय. भारतीय टपाल खात्याची यांत्रिक छाननी केंद्रे मुंबईत १९९३ मध्ये आणि चेन्नईत १९९६ मध्ये सुरू झाली. खासगी कुरिअर आणि ऑनलाइन विक्रीच्या गोदामांत वजन, लांबी-रुंदी आणि बारकोड एकाच फेरीत टिपणारे पट्टे आता रूढ झाले आहेत.

आकड्याला आधार कायद्याचा

खिडकीवरचा आकडा ग्राहक डोळ्यांनी पाहतो. पट्ट्यावरचा आकडा त्याला थेट बिलात दिसतो. शिवाय अनेक कुरिअर कंपन्या आकारमानावरूनही वजन धरतात. लांबी, रुंदी आणि उंचीच्या सेंटिमीटरांतील गुणाकाराला बहुधा ५००० ने भागले जाते. ४० × ३० × २५ सेंटिमीटरचे दोन किलोचे खोके या हिशेबाने सहा किलोचे ठरते.

अशा यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची 'आर ५१' ही शिफारस आहे. धावत्या पट्ट्यावरील आकडा स्थिर काट्यावरील वजनाशी ताडून पाहणे, हे तिच्या चाचणीचे सूत्र आहे. भारतात वैधमापन अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या काट्यांची ठरावीक मुदतीने पडताळणी व मुद्रांकन करणे त्यानुसार बंधनकारक आहे. राज्यात हे काम वैधमापन यंत्रणा पाहते.

पार्सल पाठविणाऱ्याने तीन गोष्टी केल्या, तरी बराच वाद टळतो. वजन सीमारेषेच्या थोडे आतच ठेवावे, खोके वस्तूच्या मापाचे निवडावे आणि पावतीवरील वजन जपून ठेवावे. बिलातील आकडा निराळा निघाला, तर स्थिर काट्यावर फेरवजन मागावे. धावत्या काट्याचा आकडा शेवटी उभ्या काट्यावरच खरा-खोटा ठरतो.